वाळवणाच्या खोलीतल्या वहिनी

वहिनींच्या योगवर्गात शिरलं की पहिला वास यायचा तो हिंगाचा. योगवर्गात उदबत्तीचा, चंदनाचा, गेला बाजार लव्हेंडरचा तरी वास असावा अशी माझी समजूत होती. इथं हिंग, मिरी आणि पापडखार. खोली तापली की वर्षानुवर्षं भिंतींत मुरलेला उडदाच्या पापडाचा मसाला बाहेर यायला लागायचा, आणि शवासनात पडलेल्या आम्हां बायकांना वैराग्याऐवजी वरणभाताची आठवण यायची.

ती खोली मुळात वहिनींच्या सासूबाईंच्या पापड उद्योगाची, वाळवणाची. नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, बंगल्याच्या मागच्या अंगाला. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही म्हणून सासूबाईंनी तिथं हीटर आणि पंखे बसवून घेतले होते. पुढे लाटणाऱ्या बायका अंबडच्या कंपन्यांत जायला लागल्या, सासूबाईंचे हात चालेनासे झाले, पापड बंद पडले. हीटर राहिले. एका हिवाळ्यात वहिनींची पाठ धरली होती. गच्चीवरच्या गारठ्यात आसनं करण्याऐवजी त्या हीटर लावून या खोलीत करू लागल्या आणि पाठ सुटली. मग शेजारणी आल्या, शेजारणींच्या नणंदा आल्या. पुढे कधीतरी भाचीनं फोनवर दाखवलं, की परदेशात यालाच हॉट योगा म्हणतात आणि लोक त्यासाठी रांगा लावतात.

"लावत असतील," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याकडे ऊन कमी असतं."

तरी पाटी लागली. पापडाचीच जुनी पाटी उलटी करून, तिच्यावर लाल रंगात 'हॉट योगा'.

वहिनी हे नावही पापडाच्याच काळातलं. मालकिणीच्या सुनेला कामाच्या बायका वहिनी म्हणायच्या, ते पुढे चालू राहिलं. कॉलेजातल्या मुलीही वहिनीच म्हणत आणि निवृत्त मुख्याध्यापिकाही. 'मॅम' त्यांना चालायचं नाही. एका उत्साही बाईंनी एकदा 'गुरुमाँ' म्हणून पाहिलं होतं. त्यांना वहिनींनी भिंतीला पाठ लावून, खुर्चीशिवाय खुर्चीत, पाय लटपटेपर्यंत बसवून ठेवलं. तो प्रयोग पुन्हा कुणी केला नाही.

आमची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा त्यांना ठेवायची नसत. प्रत्येकीला तिच्या दुखण्यानं हाक. मी गुडघा. माझ्या डावीकडे कंबर, उजवीकडे थायरॉइड. थायरॉइड पंचवटीहून यायच्या आणि नेमानं उशिरा यायच्या.

"द्वारकेच्या चौकात ट्रॅफिक होता, वहिनी."

"द्वारकेला ट्रॅफिक आहे ही बातमी नाही. नसेल तेव्हा सांगा."

हातात पापडाचं लाटणं. त्यानं त्या कुणाला मारत नसत, नुसतं टेकवत. वाकलेल्या पाठीवर, वर गेलेल्या खांद्यावर. "पापडासारखी पाठ हवी, कंबर. ही पुरी झाली." चक्रं, कुंडलिनी, विश्वऊर्जा यांतला एकही शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. योगावरची बरीच पुस्तकं मी वाचली होती आणि वाचली होती म्हणूनच कधी योग केला नव्हता. वहिनींकडे मी गेले ती गुडघ्यासाठी. टिकले ती या शब्दांच्या गैरहजेरीमुळे.

खोलीला एकच दार. जाड, आतून पत्रा मारलेलं. ते उघडलं की जमवलेली ऊब घटकाभरात निघून जायची, म्हणून वर्ग सुरू झाला की दार बंद. कुणी फटीएवढं उघडलं तरी वहिनी म्हणायच्या, "दार." आवाज फार मोठा नसायचा, पण माणूस जागच्या जागी थिजायचा. ती सवय आम्हांला इतकी लागली की घरी नवऱ्यानं फ्रीज उघडा ठेवला तरी माझ्या तोंडून तेच निघायचं, त्याच स्वरात. पाणी प्या, खाली बसा, आडव्या व्हा, रडायचं तर रडा. बाहेर जायचं नाही.

या नियमाचं ऊब हे वरवरचं कारण होतं. खरं कारण दाराबाहेर होतं: एक दगडी पायरी आणि तिच्याशेजारी, उन्हात, पापडाचं पीठ कुटायचं दगडी उखळ. उखळात आता कोरफड लावली होती.

सासूबाईंच्या राज्यात पाळी आलेल्या बाईनं वाळवणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पापड तळताना लाल पडतात, अशी पक्की समजूत. कामाच्या बायका त्या दिवसांत घरी राहायच्या. सून कुठं जाणार? ती पायरीवर. बुडाखाली पोतं, पाण्याचं भांडं वेगळं, आणि पाणी ओतायचं ते वरून, भांड्याला भांडं न लावता. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांची पाळी जाईपर्यंत, दर महिन्याचे ते दिवस त्या पायरीवर गेले.

"कंटाळा नाही यायचा?" मी एकदा विचारलं.

"यायचा ना. मग पाय ताणायचे. वाकायचं. अंगठे धरायचे. मी सगळं तिथंच शिकले. लोकांना गुरू असतो, मला पायरी आहे."

थोड्या वेळानं त्या आपणहून म्हणाल्या, "एकदा मी कुणाला न सांगता आत गेले होते. त्या दिवसांत. दिवसभर पापड लाटले."

"मग?"

"मग काय. तळले ते पांढरेशुभ्र. इतका राग आला मला."

"राग? पापड तर चांगले झाले."

"म्हणूनच. खरं असेल असं वाटत होतं तोवर बसणं सोपं होतं हो. कळलं, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं बसले. पोतं तेच."

हे सांगताना त्या एका पायावर उभ्या होत्या आणि हलत नव्हत्या.

खोली त्यांच्या ताब्यात आल्यावर त्यांनी पहिला नियम केला तो हा, की पाळीसाठी या खोलीतून कुणाला बाहेर काढायचं नाही. हा नियम त्या कसा पाळायच्या याची एक गोष्ट आमच्या वर्गात नव्या बाईला पहिल्याच आठवड्यात सांगितली जायची.

कंबरेच्या ओळखीनं एक योगाचार्य व्याख्यान द्यायला आले होते. रेशमी झब्बा, खांद्यावर शाल, मागे पाण्याची बाटली धरायला एक शिष्य. व्याख्यान बंगल्याच्या दिवाणखान्यात व्हावं अशी त्यांची अपेक्षा होती. वहिनींनी त्यांना वाळवणाच्या खोलीत नेलं, चटईवर बसवलं, हीटर चालूच ठेवले आणि दार लावून घेतलं. आचार्यांनी स्त्रीच्या प्रकृतीपासून सुरुवात केली. मासिक धर्माच्या काळात अपान वायू अधोगामी असतो, अशा वेळी स्त्रीनं साधना करू नये, उष्ण स्थानी तर मुळीच प्रवेश करू नये, एकांतात स्वस्थ बसावं, ही बंदी नसून सन्मान आहे, इत्यादी. सन्मानापर्यंत येता येता त्यांची शाल उतरली होती. झब्ब्याचा रंग बदलला होता.

वहिनी समोर मांडी घालून, हात जोडून ऐकत होत्या. "पुढचं सांगा ना, महाराज."

"पुढचं आपण... जरा बाहेर बसून बोलू या."

"बाहेर नको. आमच्याकडे बाहेर बसायची पद्धत बंद झालीय."

ते शेवटी उठलेच. दार उघडल्यावर त्यांना ऐकू आलेला शब्द कोणता, ते सांगायला नको.

आम्ही हसलो, महिनाभर हसत होतो. पण त्या विजयानं वर्गाचं काहीतरी बिघडलं. पाळीतही यायला हरकत नाही, इथवर ठीक होतं. हळूहळू ते पाळीत आलंच पाहिजे असं झालं. "दुसरा दिवस आहे, तरी आले हं," असं बायका चटई पसरताना सांगू लागल्या, आणि वहिनी लाटणं खांद्यावर टेकवून "शाब्बास" म्हणू लागल्या. घरी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडलेली बाई दुसऱ्या दिवशी आली की बाकीच्या तिच्याकडे सुट्टीवरून परतलेल्या शिपायासारखं बघत. माझी पाळी तेव्हा जायच्या वाटेवर होती, मनाला येईल तेव्हा यायची. मी दोन्ही गटांत नव्हते, त्यामुळे मला जरा बरं दिसत होतं. पूर्वी आत यायला बंदी होती, आता बाहेर जायला. मी हे वहिनींना एकदा बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लाटणं गुडघ्याला टेकवलं. "हा वाकवा. डोकं नंतर."

अशात ती मुलगी आली. वणीकडची, विशी-बाविशीची, अंबडला एका कंपनीत पॅकिंगला. राहायची आत्याकडे. वहिनींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय दुखतं?"

"काहीच नाय."

"काहीतरी असेल."

"नाय ओ वहिनी. खरंच काय नाय."

दुखणंच नाही म्हटल्यावर नाव काय ठेवणार? तिला वणी म्हणायला लागल्या. अंगानं काटकुळी, पण वाकायची अशी की कंबर हेव्यानं दुसरीकडे बघायच्या. एकही दिवस चुकवायची नाही. वहिनींचा जीव तिच्यावर बसला. "हिच्याकडे बघा," त्या आम्हांला म्हणायच्या. "पाळी म्हणत नाही, ताप म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही. रोज."

तिच्या ओठांचा रंग उडत चाललाय हे मला दिसायचं. खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्यांचेच ओठ तसे दिसतात, असंही वाटायचं.

जानेवारीतली सकाळ. नाशिकचा जानेवारी म्हणजे बाहेर बोटं आखडणारी थंडी, त्यामुळे वर्ग भरलेला. एका पायावरचं आसन चाललं होतं. वणीचा पाय खाली आला. ती पुन्हा उभी राहिली. पुन्हा खाली आला. मग ती भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि भिंतीवरून सावकाश सरकत खाली बसली.

वहिनी तिच्याजवळ गेल्या. "पाणी पी. डोकं खाली घाल. जमलं की उठ."

"उठते ना. मी हाय बरी." ती उठायला गेली आणि परत बसली. तिच्या मांडीखालची चटई ओली होती, आणि तो घाम नव्हता.

वहिनी खाली उकिडव्या बसल्या. "कितवा दिवस?"

"दुसरा."

"माझ्याकडे बघून सांग."

मुलगी चटईकडेच बघत राहिली. "या बारीला थांबलंच नाय, वहिनी. मागच्या बारीला पण लय दिवस चाललं. कंपनीत पण दोनदा चक्कर आली."

"आणि तू रोज या भट्टीत येत होतीस? मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही बाहेर काढलं असतं ना."

ती हळू बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जात होतं.

"आत्याकडं गॅलरीत बसावं लागतं. ताट येगळं, तांब्या येगळा. थांबतच नाय म्हटल्यावर सारखंच गॅलरीत. इथं तेवढं आत येता येतं. पोटाला शेक पण लागतो, बरं वाटतं." मग तिनं वहिनींचा हात धरला. "बाहेर नका काढू. मी कोपऱ्यात पडून राहीन."

वहिनींचा चेहरा मला दिसत होता. त्या चेहऱ्यावर मी राग, कंटाळा, थट्टा, सगळं पाहिलं होतं. काय करावं हे न कळणं कधी पाहिलं नव्हतं. या मुलीला त्या उष्णतेत आणखी एक क्षण ठेवणं शक्य नव्हतं, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. आणि जे जन्मात कुणाच्या बाबतीत करणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं, नेमकं तेच त्यांना करायचं होतं: पाळीतल्या मुलीला त्या खोलीबाहेर काढून त्या पायरीवर बसवायचं.

त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि त्यांनी दार उघडलं. सताड.

"दार," आम्ही म्हणालो. सगळ्या, एका सुरात. सवय.

त्यांनी लक्ष दिलं नाही. बाहेर गेल्या, कोरफडीचं ते दगडी उखळ दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि खरडत खरडत आणून दाराला लावलं. ते उखळ हलवायला एरवी माळ्याला जोडीदार लागायचा. साठी उलटलेली बाई, धाप नाही. खोलीतली ऊब सरसर बाहेर निघाली. थंड हवा जमिनीवरून आत आली आणि आमच्या ओल्या पायांना लागली.

मग त्यांनी स्वतःची चटई उचलली. त्या चटईला दुसरं कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ती पायरीवर अंथरली, आत आल्या, आपली शाल वणीच्या कमरेभोवती गुंडाळली आणि तिला खांद्याला धरून उठवलं.

"वहिनी, नको ना."

"मी पण येतेय. चल."

दोघी पायरीवर बसल्या, उन्हात. चटई एकीपुरतीच होती, तीवर मुलगी. वहिनी नुसत्या दगडावर. तिथूनच, पाठमोऱ्या, त्या म्हणाल्या, "डावा पाय राहिलाय तुमचा. घ्या. थायरॉइड, आमच्या पाठीकडे काय बघता?"

आम्ही डावा पाय घेतला.

अंगणापलीकडच्या व्हरांड्यात सासूबाईंची खुर्ची असे. पंच्याऐंशीच्या पुढच्या, दिसायला कमी, ऐकायला गरजेपुरतं. त्यांनी मान उंचावली.

"आज कोण बसलंय गं तिथं?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

म्हातारीनं विचार केला. "तुझं तर कवाच गेलं की."

"परत बसले."

"आन् शेजारी?"

"वणीची पोरगी आहे. तिचं थांबत नाहीये."

मग म्हातारी म्हणाली, "पोतं देऊ का?"

आत कंबरेच्या तोंडून 'अगं बाई' निघालं. वहिनी वळल्या नाहीत. "पोतं नको. गुळाचं पाणी द्या. तुमच्या तांब्यातनं."

सासूबाईंचा तांब्या हे त्या घरातलं एक दैवत होतं. तांब्याचा, रोज स्वतः चिंचेनं घासलेला. पाळीतल्या बाईनं त्याच्याकडे बघितलेलंही त्यांना चालत नसे. म्हातारी उठली. वॉकर टेकत आत गेली, आणि इतका वेळ लागला की ती रागावून गेली असं मला वाटलं. आम्ही पुन्हा उजव्या पायावर आलो होतो. ती परत आली तेव्हा वॉकरच्या दांडीला पिशवी होती आणि पिशवीत तांब्या. अंगण ओलांडायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ वहिनी मदतीला उठल्या नाहीत. पायरीपाशी येऊन तिनं तांब्या काढला. मुलीनं सवयीनं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, वरून ओतलेलं पाणी घेण्यासाठी.

"ओंजळ काय करती?" म्हातारी म्हणाली. "धर की. जड हाय, मला पेलत नाय."

मुलीनं तांब्या हातात घेतला. ती प्याली. मग वहिनी प्याल्या, त्याच्याचमधून. म्हातारी परत फिरली आणि जाता जाता तिनं आमच्या दाराकडे मान केली.

"लाइट जाळून दार उघडं ठेवलंय यांनी. येड्या बाया."

मोठी माणसं मत बदलतात ते मी पुस्तकांतून पुष्कळ वाचलं आहे. तिथं त्याला प्रस्तावना असते, कारणमीमांसा असते, मी पूर्वीही हेच म्हणत होतो असं सिद्ध करणारी तळटीप असते. वहिनींनी एक दगड सरकवला. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होण्याआधी म्हणाल्या, "पाळीत यायचं की नाही, ते मला विचारू नका. मी शाब्बास म्हणत होते, ते चुकलं. बरं वाटत असेल तर करा, नसेल तर पडा, आत पडा नाहीतर पायरीवर. चक्कर, जास्त जाणं, हे लपवाल तर मात्र मी बोलणार नाही तुमच्याशी." आणि लाटणं उचलून, "गुडघा, तोंड मिटा. आसनाला बसा."

आदल्या दिवशी, पायरीवरून उठल्यावर लगेच, त्या वणीला स्कूटरवर मागे बसवून, पाठीला ओढणीनं बांधून, डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या होत्या. गर्भपिशवीत गाठ निघाली, अंगात रक्त उरलं नव्हतं. औषधं, मग छोटं ऑपरेशन. रक्त भरून येईपर्यंत गरम खोलीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून ती पायरीवरून आसनं करायची, दाराच्या उंबऱ्याशी, अर्धी ऊन आणि अर्धी ऊब. पाळीच्या दिवसांत आत्याकडे न जाता बंगल्यावर राहायची, सासूबाईंच्या खोलीत. म्हातारी घोरते, असं वणीचं म्हणणं. पोरगी फोनवर लय बोलते, असं म्हातारीचं.

उखळ दारातच राहिलं. त्यामुळे खोली पूर्वीसारखी तापेना, आणि कडक उष्णतेच्या भोक्त्या दोघीतिघी कॉलेज रोडच्या चकचकीत स्टुडिओत निघून गेल्या. जाताना त्यांनी पाटीवरच्या 'हॉट' शब्दाबद्दल शंका व्यक्त केली. वहिनी म्हणाल्या, "कोमट लिहू का?" आणि पाटी तशीच ठेवली.

मी आता पुण्याला लेकीजवळ असते. गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला म्हणून लेकीनं माझं नाव इथल्या एका हॉट योगाच्या वर्गात घातलं आहे. शिकवणारी मुलगी चांगली आहे. पाळीविषयी कुणी विचारलं तर शरीराचं ऐका असं मधाळ आवाजात सांगते, आणि पुढे कुणी काही सांगू लागलं तर घड्याळाकडे बघते. खोलीत लव्हेंडरचा वास असतो. दार काचेचं आहे आणि आपोआप बंद होतं. आत शिरताना मी अजून आजूबाजूला बघते, त्याला लावायला काही जड मिळतंय का.